ओल्या अंगाची थंडी आणि विजेचे वेळापत्रक

डिसेंबर लागला की वृत्तपत्रांतून किमान तापमानाचे आकडे ठळकपणे छापले जाऊ लागतात. निफाडला पारा किती उतरला, जळगाव-परभणीकडे काय स्थिती आहे, याची चर्चा शाळांच्या शिक्षकदालनांत आणि कचेऱ्यांत रंगते. कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि थंडी हा चार दिवसांचा एक सुखद विषय होऊन राहतो. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली गेले असेल, तर थंडीची लाट आली असे मानतात. ही व्याख्या हवेची आहे आणि हवामानशास्त्राच्या दृष्टीने ती रास्तच आहे. परंतु त्या हवेत त्या वेळी कोण उभे होते, ते काय काम करीत होते आणि त्यांच्या अंगावरचे कपडे कोरडे होते की ओले, याची नोंद कोणत्याही तापमापकात होत नाही. प्रस्तुत लेख या नोंद न झालेल्या थंडीविषयी आहे.

कोरडी थंडी, ओली थंडी

थंडीत कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला गार हवेपेक्षा ओल अधिक घातक असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कपड्याच्या धाग्याधाग्यांत कोंडलेली कोरडी हवा हीच आपली ऊब. कपडा भिजला की तिची जागा पाणी घेते. शिवाय त्या पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णताही पुष्कळ अंशी शरीरातूनच जाते. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली घसरणे वैद्यकशास्त्र धोक्याचे मानते. परंतु त्यासाठी हिमालयातील बर्फ लागतो असे नाही. आठ-दहा अंशांची हवा, थोडा वारा आणि दीर्घकाळ भिजलेले अंग एवढे त्यास पुरते.

कष्टामुळे यात आणखी एक गुंता होतो. काम चालू असताना शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते, घाम येतो आणि अंगातला सुती सदरा आतून ओला होतो. काम थांबले की ही उष्णता थांबते, ओल मात्र तशीच राहते. सारखे चालणारे काम त्या मानाने बरे. थोडा वेळ जोराचे कष्ट आणि नंतर बराच वेळ स्वस्थ उभे राहणे, ही थंडीतील कामाची सर्वांत वाईट रीत होय.

महाराष्ट्रातील असंख्य शेतकरी रब्बी हंगामात रात्री नेमके याच रीतीचे काम करीत आले आहेत. पश्चिम महाराष्ट्रात त्याला दारे धरणे म्हणतात, नाशिक-खानदेशाकडे बारे देणे, तर वऱ्हाडात ओलीत करणे. नाव कोणतेही असो, क्रम एकच. फावड्याने पाटाचे दारे फोडायचे, भरलेल्या वाफ्याचे दारे मातीने बांधायचे, पुढचा वाफा भरेपर्यंत बांधावर उभे राहायचे आणि पुन्हा चिखलात उतरायचे. विहिरीचे पाणी उपसताना कोमट लागते हे खरे. परंतु लांबच्या पाटाने वाहत जाऊन वाफ्यात पसरेपर्यंत ते गार पडते. चिखलात चप्पल रुतते म्हणून पाय बहुधा अनवाणी. खाली घोट्यापर्यंत पाणी, वरून दहिवर आणि मध्ये घामाने भिजलेला सदरा, अशा तिहेरी ओलीत ही रात्र काढावी लागते.

पिकाची तहान आणि पौषातील रात्र

यावर कोणी म्हणेल की पाणी देण्याची घाई काय. थंडी ओसरल्यावर द्यावे. पीक तसे करू देत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला पाणी देण्याच्या महत्त्वाच्या अवस्था कृषिशास्त्राने निश्चित केल्या आहेत. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरते, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यावर येते आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे चिकात येतात. पेरणी १५ नोव्हेंबरला झाली असे धरले, तर या पाळ्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वर्षाखेरीस, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणि फेब्रुवारीच्या प्रारंभी येतात. म्हणजे पिकाची तहान आणि थंडीचा कडाका एकाच पंचांगावर चालतात. मुकुटमुळांच्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि उत्पादनाचे जे नुकसान होते ते पुढच्या पाण्याने पुरते भरून निघत नाही. हरभऱ्याच्या मोजक्या पाळ्या आणि रब्बी कांद्याची लागवड यांचाही काळ बव्हंशी हाच. कांद्याची रोपे पाणी दिलेल्या वाफ्यांत लावतात; ते काम मुख्यतः स्त्रिया करतात आणि सकाळच्या गारठ्यात ओणव्याने, चिखलात हातपाय बुडवून करतात.

तेव्हा पाणी कोणत्या आठवड्यात द्यायचे हे निसर्ग ठरवतो, हे मान्य केले पाहिजे. दिवसाच्या कोणत्या प्रहरी द्यायचे हे मात्र निसर्ग ठरवीत नाही. विजेवर चालणाऱ्या पंपाच्या बाबतीत तो निर्णय कचेरीत होतो.

रात्र कोणी ठरवली?

शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास थ्री-फेज वीज आणि ती आठवड्याआठवड्याने आलटून-पालटून, असे चक्र राज्यात वर्षानुवर्षे चालत आले आहे. या पद्धतीमागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे एक सरळ आर्थिक तर्क होता. कोळशावर चालणारी वीजकेंद्रे संध्याकाळी पेटवावीत आणि मध्यरात्री विझवावीत, असे करता येत नाही; ती रात्रंदिवस चालवावी लागतात. दिवसा कारखाने, कचेऱ्या आणि बाजारपेठा यांची मागणी मोठी. मध्यरात्रीनंतर ती उतरते. हा रात्रीचा खड्डा भरून काढण्यासाठी ज्याची मागणी इकडेतिकडे सरकवता येईल असा ग्राहक हवा होता. गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्यावर तसा ग्राहक हाती आला. घरातला दिवा रात्री दोनला लावा असे कोणाला सांगता येत नाही, पंप मात्र रात्री दोनला चालवा असे सांगता येते. विजेचा भार समतोल राहिला आणि त्याचा तोल सांभाळणारा माणूस पाण्यात उभा राहिला.

हा तर्क त्या काळापुरता तरी समजण्यासारखा होता. आज त्याचा पायाच सरकला आहे. सौर विजेचा वाटा वाढल्यापासून देशाच्या वीजबाजारात दुपारची वीज विपुल आणि स्वस्त, तर सूर्यास्तानंतरची वीज दुर्मिळ आणि महाग, असे उलटे चित्र दिसू लागले आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत जी दुरुस्ती केली, ती याचाच पुरावा होय. दिवसातील आठ ‘सौर तासां’त विजेचा दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्क्यांनी कमी असावा, असे तीत म्हटले. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळून बाकीच्या सर्वांना १ एप्रिल २०२५ पासून लागू करावयाचा होता. शेतीची वीज आधीच सवलतीची असल्याने दरापुरता हा अपवाद खटकत नाही. पण दुपारी वीज वापरा म्हणून ज्या व्यवस्थेने कारखानदारापुढे सवलत ठेवली, तिनेच ज्या शेतकऱ्याला दुपारी वीज हवी आहे त्याला रात्रीची पाळी द्यावी, यातील विसंगती लपून राहत नाही.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंतचे जे तास विजेच्या हिशेबात स्वस्त ठरतात, तेच हिवाळ्यात शेतात उभे राहण्याजोगे असतात. ज्या उन्हाने वीज तयार होते त्याच उन्हाने दहिवर सुकते आणि ओले धोतर वाळते. वीजकंपनीचा फायदा आणि शेतकऱ्याची ऊब यांचे वैर होते तो काळ आता मागे पडू लागला आहे.

हिशेबात न धरलेला खर्च

अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणून एक संकल्पना आहे. एखाद्या व्यवहाराचा खर्च त्या व्यवहाराच्या वहीत न लिहिता तिसऱ्याच्या अंगावर टाकला जातो, तेव्हा तो व्यवहार कागदावर स्वस्त दिसतो. रात्रीची वीज अशीच स्वस्त दिसत आली. सर्दी-पडसे, छाती भरणे, सांध्यांचे दुखणे, भेगाळलेल्या टाचा, ओल्या हातांनी स्टार्टरची पेटी उघडताना बसणारा विजेचा धक्का, सर्पदंश आणि जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात बिबट्याची भीती, या सर्वांची किंमत वीजकंपनीच्या ताळेबंदात येत नाही. ती शेतकऱ्याच्या घरात भरली जाते.

शेतमालाच्या हिशेबात तरी ती येते काय? कृषी मूल्य आणि खर्च आयोग उत्पादनखर्च काढताना रोख खर्चाबरोबर कुटुंबाच्या श्रमाचेही मूल्य धरतो आणि २०१८-१९ पासून हमीभाव या दोहोंच्या बेरजेच्या निदान दीडपट ठेवण्याचे सरकारचे धोरण आहे. परंतु घरच्या माणसांचे श्रम मोजले जातात ते प्रचलित मजुरीच्या दराने. दुपारी दोनचा तास आणि रात्री दोनचा तास यांत तेथे भेद नाही. अनेक कारखान्यांत रात्रपाळीला भत्ता असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने काम चालते त्या खोलीतील तापमान सुसह्य आणि आरोग्यास अपाय न करणारे असावे, अशी अट मालकावर घातली होती. तो कायदा ज्या नव्या संहितेत सामावला गेला ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. स्वतःच्या रानात राबणारा शेतकरी मात्र कोणाचाच कामगार नसल्याने कोणत्याच कायद्याच्या छपराखाली येत नाही. त्याच्या कामाची वेळ दुसरा कोणी ठरवतो, पण तो दुसरा त्याचा मालक नव्हे. म्हणून जबाबदारीही नाही.

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना जाहीर केली. तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. एवढेच नमूद करावयाचे की, वीजबिल शून्यावर आल्याने रात्रीची किंमत शून्यावर येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर स्वाभिमानी शेतकरी संघटनेने बेमुदत धरणे धरले, तेव्हा मागणी होती ती दिवसा दहा तास वीज मिळावी ही. विजेचा दर हा प्रश्न शेतकऱ्याला महत्त्वाचा वाटतो, तितकाच तिचा प्रहरही महत्त्वाचा वाटतो, हे त्यावरून उघड व्हावे.

या खर्चाचा एक भाग आमच्या व्यवसायातील मंडळींना रोज दिसतो. ग्रामीण भागातील शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला रात्रीच्या पाळीचा आठवडा वेगळा सांगावा लागत नाही. वडिलांच्या सोबतीला बॅटरी धरून गेलेला मुलगा पहिल्या तासाला बाकावर पेंगत असतो. त्याची ती रात्र कोणत्या खात्यात लिहावयाची?

घोंगडी आणि गमबूट

शेतकरी काटक असतो, त्याला सवय असते, असे एक उत्तर नेहमी ऐकू येते. सवयीने सहनशक्ती वाढते हे खरे. ओल्या कपड्यातून उष्णता जाण्याचा वेग काही सवयीने कमी होत नाही. आपल्या पूर्वजांनी सवयीवर भिस्त ठेवली नव्हती, त्यांनी साधन शोधले होते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी हे ते साधन. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओल शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही आणि भिजली तरी तिच्यात हवा कोंडून राहते. सुती कापडाला हे जमत नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणलेली जाडीभरडी घोंगडी, तिची डोक्यावरून घेतलेली खोळ, यात माणूस वाकू शकत होता, फावडे चालवू शकत होता. आज लोकरीला भाव नाही. मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळल्या जातात आणि कातरणीचा खर्चही लोकरीतून निघत नाही, अशी मेंढपाळांची तक्रार आहे. घोंगडीची जागा कृत्रिम धाग्याच्या चादरींनी घेतली. त्या स्वस्त आहेत, हलक्या आहेत. पण त्या अंथरुणातल्या, कामावरच्या नव्हेत.

पाण्यात उभे राहण्यासाठी गमबूट आहेत. परंतु फवारणीचा पंप, नांगर, पेरणीयंत्र यांना शेतीचे अवजार मानून अनुदान देणाऱ्या आपल्या विचारपद्धतीत गमबूट आणि पाणी न झिरपणारा अंगरखा यांना अवजाराचे स्थान नाही. यंत्राला गंज चढू नये याची तरतूद होते, मात्र ते चालवणाऱ्याच्या पायांची होत नाही.

हीच गोष्ट ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात उतरणाऱ्या टोळ्या हिवाळ्याच्या ऐन भरात पहाटे फडात शिरतात. दहिवराने न्हालेला पाला कापताना कोयता चालवणारे जोडपे क्षणात भिजते, आणि बाई मोळ्या डोक्यावर वाहते तेव्हा तेच पाणी मानेवरून पाठीवर उतरते. ऊन येईपर्यंत थांबावे, तर मजुरी टनावर असते, वाहन भरून कारखान्याच्या रांगेत लावायचे असते आणि गाळप अहोरात्र चालू असते. परतल्यावर कपडे वाळवायला जागा म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. येथेही ओल कोणाच्या वाट्याला यायची हे दुसऱ्याच्या घड्याळाने ठरते.

करता येण्याजोगे

कायमचा उपाय कोणता, याविषयी आता फारसा मतभेद नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. सुमारे १६ हजार मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्या दिवसा चालवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. २०२४ सालापासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरून स्वतंत्र पंप घ्यावयाचा आहे. गुजरातनेही ऑक्टोबर २०२० मध्ये दिवसा विजेसाठी किसान सूर्योदय योजना सुरू केली. ठिबकाचा प्रसार झाला तर वाफ्यात उभे राहण्याचे कामच पुष्कळ कमी होईल. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु प्रकल्पाला उपकेंद्राजवळ जमीन लागते, वाहिन्या लागतात, वेळ लागतो. ज्या वाहिनीवर सौर वीज अद्याप पोहोचली नाही, त्या वाहिनीवरच्या शेतकऱ्याने तोवर आणखी किती पौष पाण्यात काढावयाचे?

तोवर करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला नवा पैसा जवळजवळ लागत नाही. विजेचे चक्र आठवड्यावर न ठेवता ऋतूवर ठेवावे. डिसेंबरच्या प्रारंभापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दहा-अकरा आठवडे कोणत्याही शेतीवाहिनीला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पाळी देऊ नये. ज्या तालुक्यांत गहू-कांदा अधिक आणि पारा अधिक उतरतो, त्यांना दुपारचे तास आधी द्यावेत. त्याची भरपाई उन्हाळ्यात करता येईल. एप्रिल-मेमध्ये पहाटेची आणि सायंकाळची वीज शेतकरी आनंदाने घेईल. त्या वेळी बाष्पीभवन कमी आणि उन्हाचा तडाखाही नाही. सर्व पंप एकाच वेळी चालू झाले तर रोहित्रे जळतील, ही अभियंत्यांची शंका खरी आहे. पण तिचे उत्तर दिवसातल्या दिवसात पाळ्या लावण्यात आहे. आठ तास सलग देता आले नाहीत तर सहा द्यावेत. रात्रीच्या दहा तासांपेक्षा दिवसाचे सहा तास कोणता शेतकरी नाकारील, हे एकदा त्यालाच विचारून पाहावे.

याच्या जोडीला दोन लहान गोष्टी कराव्यात. गमबूट, जलरोधक अंगरखा आणि हातमोजे यांचा शेतीच्या अवजारांच्या यादीत समावेश करावा आणि साखर कारखान्यांनी ते तोडणीच्या कराराचा भाग म्हणून टोळीतील प्रत्येक स्त्रीपुरुषाला हंगामाच्या प्रारंभी द्यावेत. दुसरे असे की, कृषी मूल्य आयोगाने कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य धरताना रात्रीच्या पाण्याच्या तासांना वेगळा दर लावावा. त्या दराने हमीभाव किती वाढेल हा प्रश्न गौण आहे. रात्रीला किंमत आहे हे एकदा सरकारी कागदावर लिहिले गेले, म्हणजे ती फुकट वापरणे कठीण होईल.

मार्गशीर्ष-पौषाची थंडी कोणी टाळू शकत नाही, आणि शेतीतले कष्टही टळणारे नाहीत. परंतु या दोहोंच्या मध्ये जी ओल येते ती बऱ्याच अंशी वेळापत्रकाने आणलेली आहे आणि वेळापत्रक माणसे बनवतात. पुढच्या हिवाळ्याचे वेळापत्रक अजून बनवायचे आहे. ते बनवणाऱ्यांनी गव्हाच्या पाण्याच्या तारखा आणि किमान तापमानाचे आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत, एवढीच अपेक्षा आहे.